स्प्लेंडरची टायमिंग चेन बदलली आणि गाडी ४५ वर अडकली

केळीबाग_यावल

रामराम मंडळी.

गाडी आबांची आहे. २००३ ची स्प्लेंडर. तिच्यावर खताच्या गोण्या वाहून झाल्या, फवारणीचा पंप, दुधाच्या कॅना, एकदा केळीची रोपं क्रेटसकट. एवढ्या वर्षांत इंजिन एकदाही उघडलं नव्हतं. गेल्या पावसाळ्यापासून सकाळी पहिली किक मारली की डाव्या अंगाने खरखर यायची, सायकलची चेन गार्डला घासते ना, तशी. आधी दोन मिनिटांत थांबायची. नंतर थांबेचना. आबांचं म्हणणं, "म्हातारपणी घसा खरखरतोच, चालू दे."

शेवटी बाजाराच्या गावी एका गॅरेजात दिली. नवी टायमिंग चेन टाकून संध्याकाळी परत मिळाली. खरखर गेली हे खरं, पण आता नवंच दुखणं. चालू होते, खाली ओढही बरी आहे, पण काटा ४५ च्या वर सरकत नाही. ॲक्सिलेटर पिळला की कार्बोरेटरमधून फस्सकन शिंकते. किक पूर्वीपेक्षा जड लागते.

गॅरेजवाल्याने सांगितलं, नवी चेन आहे, ५०० किलोमीटर होऊ द्या, सेट होईल. ३०० झालेत. मधल्या काळात प्लग नवा टाकला, कार्बोरेटर दोनदा धुतला, एअर फिल्टर बदलला. तसूभर फरक नाही. बागेत कापणी तोंडावर आलीये आणि मी रोज मळ्यापर्यंत बैलगाडीच्या चालीने जातोय. कुणी सांगेल का काय झालंय ते?

पुण्यातला_खान्देशी

सीडीआय, म्हणजे ठिणगी सोडणारा इलेक्ट्रॉनिक डबा, गेलाय. माझ्या जुन्या गाडीला असंच व्हायचं, वर पिकअपच घ्यायची नाही. नवा टाक, विषय संपव. नाहीतर वीस वर्षांच्या गाडीत किती पैसे घालणार? विकून टाक.

अहिराणी_गडी

भो, गाडी थकनी ती. ४५ म्हंजे आबासनी उमरले बरोबर शे. जास्तीनं काय करतस?

रेल्वेवाले_नाना

सीडीआय नाही आणि कार्बोरेटरही नाही. तो बिचारा तू उगाच दोनदा धुतलास.

दुखणं चेन टाकल्याच्या दिवशीच सुरू झालं, हे तूच लिहिलंयस. आता चेनच्या हातात काय काय असतं ते बघ. या इंजिनात ठिणगीचा इशारा मॅग्नेटवरून येतो. मॅग्नेट क्रँकच्या, म्हणजे पिस्टन फिरवतो त्या दांड्याच्या, टोकावर बसलेलं, त्याच्या आणि ठिणगीच्या मध्ये टायमिंग चेन कुठेच नाही. चेनच्या हातात आहे कॅम, आणि कॅमच्या हातात दोन वाल्व, एक हवा-पेट्रोल आत घेणारा (इनटेक) आणि एक धूर बाहेर सोडणारा (एक्झॉस्ट). म्हणजे चेन टाकताना बिघडलंच असेल, तर वाल्व उघडायची-मिटायची वेळ बिघडली.

कोणत्या बाजूला बिघडली, तेही तुझ्या लक्षणांवरून कळतं. कॅम पुढे गेला की इनटेक वाल्व लवकर उघडतो, आतला जळका धूर अजून बाहेर पडतच असतो. तो धूर उलटा कार्बोरेटरकडे धावतो, ती तुझी शिंक. तोच वाल्व मिटतोही लवकर. त्यामुळे कमी वेगाला आत आलेलं सगळं कोंडलं जातं, किक जड लागते, खालची ओढ बरी वाटते. वेग वाढला की मात्र हवा आत शिरत असतानाच तोंडावर दार लागतं. ४५ ला तुझं दार लागतंय.

कॅम मागे राहिला असता तर उलट झालं असतं. किक हलकी, चालू व्हायला त्रास, आणि गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच मेल्यासारखी.

माझा अंदाज: चेन कॅमच्या स्प्रॉकेटवर, म्हणजे दातेरी चाकावर, एक दात पुढे चढलीये. पण माझ्या अंदाजावर इंजिन खोलू नकोस, आधी खुणा बघ. डावीकडचं मॅग्नेट कव्हर काढ, हेडचं गोल झाकण काढ, प्लग काढ. मॅग्नेटचा नट पान्याने घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरव, कारण इंजिन डावीकडून पाहिलं तर त्याच दिशेने फिरतं. मॅग्नेटवरचं 'टी' केसिंगवरच्या खुणेसमोर आलं की थांब. आता वर कॅमच्या स्प्रॉकेटवर 'ओ' शोध, गोल टिंब. ते हेडवरच्या खाचेसमोर असलं पाहिजे. असेल तर मी चुकलो म्हणून इथे लिही.

एक आधीच सांगतो. त्या गोल झाकणाचा बोल्ट डावीकडे शोधत बसू नकोस. लांब बोल्ट उजवीकडून आरपार आलेला असतो. तो सैल केला की झाकण हाताने हलतं. पेचकसाने उचकटलंस तर बसायची जागा खराब होईल आणि तिथून जन्मभर ऑइल गळेल.

गॅरेजवाला_पारोळा

नानांशी सहमत, पण मेकॅनिकची बाजूही ऐका. दिवसाला सात-आठ गाड्या, प्रत्येक पार्टी डोक्यावर उभी, "भाऊ अर्ध्या तासात द्या, लग्नाला जायचंय." चेनचं काम अर्ध्या तासाचं नाही. नुसतं मॅग्नेट निघायलाच कधी कधी तेवढा वेळ जातो.

चूक कशी होते तेही सांगतो, कारण मी ती केलेली आहे. मॅग्नेटवर एक अक्षर नाही, दोन आहेत. फिरवताना आधी येतं 'एफ', मग जरा पुढे 'टी'. एफ म्हणजे ठिणगी पडायची जागा. टी म्हणजे पिस्टन पार वर. वीस वर्षांचा चिखल आणि गंज चढला की दोन्ही आडव्या रेघाच दिसतात. नवा पोरगा पहिली रेघ दिसली की थांबतो.

एफवर धरून चेन चढवली की वरचं ओ खाचेसमोर नेमकं बसतच नाही. थोडं अलीकडे नाहीतर थोडं पलीकडे. पोरगं म्हणतं, "उस्ताद, एवढं चालतं." तिथेच एक दात गेला. मी एफवर धरली होती तेव्हा आमच्या उस्तादांनी टी-पान्याचा दांडा बोटांवर हाणला होता. अजून आठवतो. त्यानंतर माझ्या गॅरेजात टी आणि खाच, दोन्हीवर पांढरा रंग लावल्याशिवाय चेन चढत नाही.

पुण्यातला_खान्देशी

एका दाताने इतका फरक पडतो? छोटासा तर दात.

गॅरेजवाला_पारोळा

दात छोटा, हिशोब मोठा. क्रँकवरच्या स्प्रॉकेटला जेवढे दात, कॅमवरच्याला दुप्पट, कारण क्रँक दोनदा फिरतो तेव्हा कॅम एकदा. खाली १४ दात धरले तर ३६० भागिले १४, म्हणजे क्रँकचे पंचवीस अंश आणि वर थोडे. ठिणगी ५ अंश इकडेतिकडे झाली तर आपण बोंबलतो, इथे वाल्व २५ अंशांनी हुकलेत.

केळीबाग_यावल

नाना, तुमच्या पाया पडतो.

आज दुपारी बघितलं. टी खुणेवर आणला. ओ खाचेसमोर नाही. फिरायच्या दिशेने पुढे निघून गेलाय, ज्वारीच्या दाण्याएवढा. दोनदा पूर्ण फिरवून परत बघितलं, तेवढाच पुढे. फोटो टाकलाय, खाचेला खडूची पांढरी रेघ मी मारलीये.

गॅरेजवाल्याकडे परत जाण्यात अर्थ वाटत नाही. सेट होईल म्हणणाऱ्याला काय दाखवणार? घरीच करायचं ठरवलंय. आबा म्हणाले, "उघडायला येतं ते बसवायलाही येतं का, ते आधी विचार त्या नानाला."

शहाद्याची_मीनल

मध्येच विचारते. माझ्याकडे वडिलांची सीडी १०० आहे, तिलाही अशीच खरखर लागलीये, म्हणून हा धागा वाचतेय. दोन फेऱ्यांमध्ये टी दोनदा येतो ना? एकदा कॉम्प्रेशनला आणि एकदा एक्झॉस्ट संपताना. मग चेन चढवताना यातला कोणता टी धरायचा? चुकीचा धरला तर कॅम अख्खी एक फेरी चुकेल ना?

रेल्वेवाले_नाना

शाबास. बऱ्याच मेकॅनिकना हा प्रश्न पडत नाही, त्यामुळे उत्तरही माहीत नसतं.

चेन चढवताना कोणताही टी चालतो. चेन उतरलेली असताना क्रँकला कुठे माहीत असतं हा कोणता स्ट्रोक आहे? पिस्टन वर आहे, एवढंच त्याला ठाऊक. स्ट्रोक कोणता ते कॅम ठरवतो. तू टी धरून ओ खाचेसमोर बसवलास की त्याच घडीला तो टी कॉम्प्रेशनचा झाला. आणि ठिणगी? मॅग्नेटवरून इशारा घेणारी गाडी दर फेरीला ठिणगी टाकते. एक कामाची, एक एक्झॉस्टमध्ये वाया. त्यामुळे तीही बिघडत नाही.

टॅपेट, म्हणजे वाल्व आणि त्याला दाबणाऱ्या रॉकरमधली फट, सेट करताना मात्र कोणताही टी चालणार नाही. तिथे कॉम्प्रेशनचाच हवा. टीवर आणून दोन्ही रॉकर बोटाने हलव. दोन्ही किंचित खुळखुळले तर बरोबर. एक जरी दाबलेला लागला तर एक पूर्ण फेरी फिरव.

डिस्ट्रिब्युटरवाल्या, म्हणजे ठिणगी एकेका सिलिंडरला वाटून देणारा भाग असलेल्या, मोटारींचं वेगळं. तिथे ही सूट नाही.

धुळेकर_अँबी

डिस्ट्रिब्युटरचं नाव निघालं म्हणून. आमच्याकडे १४८९ सीसीची पेट्रोल ॲम्बेसेडर आहे. काकांनी धुळे-शिरपूर टॅक्सी म्हणून चालवली, आता लग्नात नवरदेवापुरती निघते. तिची चेन पुढच्या कव्हरमागे, कॅम खाली ब्लॉकमध्ये. स्प्रॉकेटवर अक्षरं नाहीत, दोन्हीवर एकेक ठिपका. ठिपके समोरासमोर आणायचे, एकमेकांचं तोंड बघतील असे. दोन्ही स्प्रॉकेट आणि चेन हातात एकत्र धरून एकदमच शाफ्टवर सरकवायची, एकेक करून चढत नाही.

ठिपके जुळले म्हणजे एक नंबरचा सिलिंडर दाबावर असेलच असं धरून मी डिस्ट्रिब्युटर बसवला होता. सायलेन्सरमधून असा बार निघाला की शेजारच्या काकूंनी दार लावून घेतलं. नंतर कळलं, आधी रॉकर बघून ठरवायचं. फायरिंग ऑर्डर १-३-४-२ पाठ होती, पण सुरुवात कुठून ते चुकलं.

अहिराणी_गडी

बुलेटनी चेन बी आशीच बदलतस का?

गॅरेजवाला_पारोळा

जुन्या लोखंडी बुलेटला टायमिंग चेन नाहीच, गिअर आहेत. कॅमच्या गिअरवर खुणा, त्या जुळवायच्या. लोक प्रायमरी चेनला टायमिंग चेन म्हणतात आणि आमच्याशी वाद घालतात. स्प्लेंडरचंही तेच. गिऱ्हाईक दुकानात "चेन किट द्या" म्हणतं आणि घरी नेतं मागच्या चाकाची. टायमिंग चेन किट असं पूर्ण नाव घ्यायचं.

रेल्वेवाले_नाना

केळीबाग, आबांना सांग, बसवायलाही येईल. पण नुसता एक दात मागे घेऊन झाकण लावू नकोस. आधी एक सांग, तुझ्या जुन्या चेनबरोबर काय काय बदललं होतं?

केळीबाग_यावल

फक्त चेन. बिलावर एवढंच आहे.

रेल्वेवाले_नाना

मग नवी चेन सहा महिन्यांत पुन्हा खरखरेल.

चेन एकटी कधी म्हातारी होत नाही. तिच्या वाटेत रबराचा गाईड रोलर आहे, खाली टेन्शनरचा रोलर, त्याला ढकलणारा रॉड, रॉडच्या टोकाला रबर आणि मागे स्प्रिंग. रॉड ऑइलमध्ये मुरलेला असतो. स्प्रिंग ढकलते आणि ऑइल त्याला उसळू देत नाही. ऑइल कमी झालं, की काळं होऊन पातळ पडलं, की रॉड धडाधड नाचतो. मग रबर खाल्लं जातं, रोलरवर चर पडतो आणि चेन केसिंगला घासते. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर. त्यात दुसऱ्या गिअरमध्ये गोण्या घेऊन बांधाबांधाने चालणारी गाडी, आणि ऑइल बदलायचं "पुढच्या महिन्यात". तुझी चेन त्याने गेली आहे.

आणखी एक. हीच चेन खाली ऑइल पंपालाही फिरवते. म्हणून हे काम "आवाज येतोय, येऊ दे" म्हणून ढकलायचं नसतं. चेन तुटली तर वाल्वही थांबले आणि ऑइलही थांबलं.

आता काम. इंजिन रात्रभर थंड होऊ दे. ऑइल स्वच्छ भांड्यात काढ आणि उन्हात नेऊन बघ, चमकी दिसते का. गिअर लिव्हर, मॅग्नेट कव्हर काढ. मॅग्नेटचा नट निघाला तरी मॅग्नेट निघणार नाही. त्याला पुलर लागतो, गॅरेजवाल्याकडून तासाभरासाठी माग. हातोडीने ठोकायचं नाही, दोन पेचकस लावून उचकटायचं नाही. मॅग्नेट निघालं की क्रँकवरची छोटी अर्धचंद्र चावी बघ. ती कापलेली किंवा हललेली असेल तर मॅग्नेटवरचा टीच खोटा बोलतो, आणि मग सगळ्या खुणा जुळूनही गाडी चुकते. मनात शंका असेल तर प्लगच्या भोकातून ज्यूसची प्लास्टिकची नळी सोड आणि हळूहळू फिरव. नळी जिथे सर्वात वर येते तिथेच टी यायला हवा. नळीच सोड, पेचकस नको. तिरका अडकला तर पिस्टनवर ओरखडा येईल.

कॉइल प्लेट काढलीस की मागे चेन दिसेल. इंजिनाखालचा टेन्शनरचा बोल्ट हळू सोड, स्प्रिंगचा जोर आहे आणि पाठोपाठ ऑइलही येईल. तोंड खाली घालून बसू नकोस. मग वर कॅम स्प्रॉकेटचे बोल्ट. त्याआधी चेनच्या बोगद्यात फडकं कोंब. हे विसरलास तर बोल्ट थेट पोटात जाईल. चेनला तार बांधून ठेव.

टायमिंग चेन सलग असते, तिला मागच्या चेनसारखं लॉक नसतं. म्हणून तोडून जोडायचा विचार करू नकोस. नव्या-जुन्या चेनचे जोड मोजून बघ, दुकानदार कधी कधी शेजारच्या मॉडेलची देतो. गाईड रोलरची पिन बाहेरून बोल्टने आहे, पण रोलर नीट बघायचा तर हेड उचलायची तयारी ठेव. उचललंस तर हेडचं पॅकिंग नवं, आणि नटांखालचे वॉशर ज्या स्टडवरून निघाले त्याच स्टडवर. तांब्याचा वॉशर कुठे होता त्याचा फोटो काढून ठेव. कॉइल प्लेटमागची ओ-रिंग आणि ऑइलसीलही नवीन घाल, नाहीतर मॅग्नेटमध्ये ऑइल उतरेल.

चढवताना टी, मग ओ, मग चेन. टेन्शनर बसवून त्यात थोडं ताजं ऑइल सोड, कोरडा ठेवू नकोस. आणि आता सर्वात महत्त्वाचं. किक मारायची नाही. प्लग बाहेर ठेवूनच नट पान्याने दोन पूर्ण फेऱ्या हाताने फिरव. कुठे अडलं तर जोर लावू नकोस, थांब. एका दाताने सहसा वाल्व पिस्टनला लागत नाही, पण दोन-तीन दात चुकले तर खात्री कोण देणार? दोन फेऱ्यांनंतर टी-ओ पुन्हा बघ. टेन्शनरने चेन ओढून घेतली की कधी कधी जुळलेलं हलतं. तेव्हाही जुळलं तरच झाकण.

गॅरेजवाला_पारोळा

नानांनी सगळं लिहिलं, एवढं जोडतो. जुन्या स्प्लेंडरचे टॅपेट दोन्हीकडे ०.०५ मि.मी., थंड इंजिनला. फिलर गेज घ्या, ब्लेडचा तुकडा चालत नाही. नंतरच्या मॉडेलचा आकडा वेगळा आहे, पुस्तिका बघून घ्या. आणि पुलर हवा असेल तर पारोळ्याला या, पुलर फुकट, चहाही फुकट.

केळीबाग_यावल

उशीर झाला मंडळी, पाच दिवस केळीच्या कापणीत गेले. काम शनिवारी-रविवारी केलं, पॅकिंग शेडमध्ये, केळीच्या खोक्यांवर जुना कागद अंथरून.

पुलर फैजपूरच्या एका मित्राकडून मिळाला. मॅग्नेट सुटलं तेव्हा टक्क असा आवाज आला की मला वाटलं क्रँकच मोडला. चावी शाबूत होती. नळीची परीक्षाही घेतली, टी खरं बोलतोय.

आता टेन्शनर. रॉडच्या टोकाचं रबर नव्हतंच. म्हणजे होतं, पण ऑइलमध्ये, काळ्या कण्यांच्या रूपात. भांड्याच्या तळाशी चिकटलं होतं, बोटाने चोळलं तर पेन्सिल खोडायच्या रबरासारखं लागलं. रॉडचं लोखंडी टोक आर्मवर आपटून आपटून चकचकीत झालं होतं. गाईड रोलर गोल राहिला नव्हता, मध्ये चर, एका बाजूला सपाट. हेड उचललं. नाना, नवी चेन या सगळ्यावर चढवली होती.

फडकं कोंबलं होतं. दुसऱ्या दिवशी बसवताना, आता संपतच आलंय म्हणून काढलं, आणि शेवटचा बोल्ट हातातून सुटला. टिक, टिक आणि गायब. शेडमध्ये चार माणसं होती, कुणी काही बोललं नाही. जुन्या स्पीकरचं चुंबक तारेला बांधून पंचवीस मिनिटं मासे पकडल्यासारखं खाली सोडत होतो. मिळाला. आबा तेव्हाच चहा घेऊन आले, काय झालं म्हणून विचारलं, सगळ्यांनी एका सुरात "काही नाही."

टी धरला, ओ जुळवला, टेन्शनर बसवला. दोन फेऱ्या फिरवून बघतो तर ओ एक दात मागे. घाम फुटला. मग लक्षात आलं, चेन चढवताना पुढची बाजू मी सैल सोडली होती. सगळी सैल टेन्शनरकडे गेली पाहिजे, ओढणारी बाजू ताठ. स्प्रॉकेट पुन्हा काढलं, एक दात सरकवला, पुन्हा दोन फेऱ्या. या वेळी ओ खाचेच्या बरोब्बर समोर, खडूच्या रेघेवर.

टॅपेट ०.०५. ऑइल ९०० मि.ली.ची बाटली आणून डिपस्टिक बघत ओतलं. स्विच बंद ठेवून वीस-बावीस किका मारल्या, मग स्विच चालू.

दुसऱ्या किकला चालू. खरखर नाही, शिंक नाही. आज सकाळी पालच्या घाटात घेऊन गेलो होतो, मागे माझा चुलतभाऊ, ८० किलोचा. तिसऱ्यावर चढली. सपाटीला ७० दाखवला, त्याच्या पुढे माझीच हिंमत झाली नाही.

रेल्वेवाले_नाना

एक दात मागे दिसला आणि तू पुन्हा काढलास. बरेच जण तिथे "चालतंय" म्हणतात. आबांना माझा रामराम सांग.

३०० किलोमीटरला ऑइल बदल, पहिल्या ऑइलमध्ये त्या रबराच्या कण्या येतील. गाळणीची जाळी साफ केलीस का?

केळीबाग_यावल

जाळी साफ केली, तिथेही रबर होतं. ऑइल ३०० ला बदलतो.

पारोळावाले दादा, एक विचारायचं राहिलं. थंड असताना हेडवरून बारीक टकटक येते. खरखर नाही, टकटक. तापली की कमी होते.

गॅरेजवाला_पारोळा

एका लयीत आणि वरून येते ना? टॅपेट आहे. थोडी टकटक असलेली चांगली, अजिबात आवाज नाही म्हणजे वाल्व घट्ट आणि जळायची भीती. ऑइल बदलायच्या वेळी एकदा गेज घालून बघा. तोवर हात लावू नका.

अहिराणी_गडी

म्हंजे ७० व्हयनी? मंग आबासनी उमर बी ७० धरी ल्या.

शहाद्याची_मीनल

मी कालच सीडी १०० चं गोल झाकण काढलं. टी मिळाला, पण कॅम स्प्रॉकेटवर ओ दिसतच नाहीये. काळा थर बसलाय, खाली काही आहे की नाही कळेना. पॉलिश पेपर मारू का?

रेल्वेवाले_नाना

पेपर मारू नकोस, खूणच पुसली जाईल आणि भुकटी आत पडेल. आधी बोगद्यात फडकं. डिझेलमध्ये भिजवलेला जुना टूथब्रश घे आणि टॉर्च तिरका धर, समोरून नको. तिरक्या उजेडात खड्डा सावली टाकतो. सगळं स्प्रॉकेट एकदा फिरवून बघ, ओ आत्ता खाली गेला असेल. दिसला की फोटो टाक, पुढचं मग बोलू.